नानांचं पुस्तक वाचलंय सगळ्यांनी

गावच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीपुढे डिजिटल वाचनालयाचं प्रात्यक्षिक दाखवायचं, तर आधी त्यात एखादं पुस्तक चढवायला हवं होतं, आणि लेखकाची परवानगी हाताशी असलेलं पुस्तक एकच होतं: अध्यक्षांचं आत्मचरित्र.

अध्यक्ष म्हणजे नाना. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी ‘वाहते ते पाणी, राहतो तो मी’ हे सहाशे चाळीस पानांचं पुस्तक लिहिलं, त्याला बारा वर्षं झाली होती. वाचनालयात त्याच्या पाच प्रती होत्या. पाचही इतक्या नव्याकोऱ्या, की स्कॅन करताना पानं एकमेकांपासून सोडवून घ्यावी लागली.

ती सोडवणारी मुलगी विज्ञानाची पदवीधर होती आणि सहा महिन्यांच्या बोलीवर कामाला आली होती. कार्यकारिणी तिला ‘संगणकवाली’ म्हणे. डिजिटल वाचनालय पुढे चालवायचं की नाही, हे महिनाअखेरच्या सभेत ठरणार होतं; म्हणजे तिची नोकरीही तेव्हाच ठरणार होती. म्हणून तिने काम मन लावून केलं होतं. जरा जास्तच.

“नुसते फोटो काढून टाक की,” चिटणीस तिला म्हणाले होते. “दिसल्याशी कारण.”

“फोटो दिसतो काका, पण त्यात काही शोधता येत नाही. संगणकाकडून अक्षरं ओळखून घेतली, की हवा तो शब्द क्षणात सापडतो.”

“एवढं काय शोधायचंय कुणाला?”

याचं उत्तर तिला तेव्हा सुचलं नव्हतं. ते प्रात्यक्षिकाच्या दिवशी मिळालं.

प्रोजेक्टर लागला, भिंतीवर पुस्तक उघडलं, वर एक रिकामी चौकट लुकलुकू लागली. “यात कुठलाही शब्द टाका,” ती म्हणाली. अशा वेळी प्रत्येक माणसाला एकच शब्द सुचतो. चिटणीस आणि खजिनदार छताकडे बघत राहिले. उपाध्यक्षांना मात्र धीर धरवला नाही.

“सहज हं, नमुन्यादाखल,” असं म्हणून त्यांनी स्वतःचं नाव टाइप केलं.

भिंतीवर वाक्याचा तुकडा उमटला: ‘…यांच्यासारखा पाहुणा मी दुसरा पाहिला नाही…’

उपाध्यक्ष हात जोडून नानांकडे वळले. “नाना, काय लिहिलंत हो!”

“पुढचंही वाचा की,” नाना म्हणाले.

उपाध्यक्षांनी त्या तुकड्यावर क्लिक केलं. अख्खं पान भिंतीभर पसरलं. ‘…यांच्यासारखा पाहुणा मी दुसरा पाहिला नाही. आमच्याकडे पोटभर जेवून झालं, की ते आपल्या घरी फोन करून सांगतात, माझ्या वाटणीचं झाकून ठेवा.’

उपाध्यक्षांचे कान लाल झाले. त्यांनी तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं. कारण बारा वर्षांपूर्वी प्रकाशनाच्या समारंभात, याच सभागृहात, त्यांनी माइक हातात घेऊन सांगितलं होतं, ‘नानांचं पुस्तक मी एका बैठकीत वाचून काढलं.’ आता चिडायचं, तर ते वाचलं नव्हतं असं कबूल करावं लागणार.

“हो, हो,” ते कसंबसं हसले. “हे तर मला तेव्हाच फार आवडलं होतं.”

त्या दिवशी बाकी कुणी शब्द टाकला नाही. घरी जाऊन, फोनवर, दार लावून मात्र सगळ्यांनी टाकला.

खजिनदार प्रत्येक कार्यक्रमात गात. त्यांना सापडलं: ‘…यांचं गाणं सुरू झालं, की मन शांत होतं…’ आणि पान उघडल्यावर: ‘…हातपाय सैलावतात आणि डोळे मिटतात. झोपेची गोळी मी त्यांच्यामुळेच सोडली.’ चिटणिसांच्या वाट्याला आलं: ‘…यांनी लिहिलेलं सभेचं इतिवृत्त म्हणजे अस्सल साहित्य…’ पुढे कारणही दिलं होतं: ‘…त्यातलं काहीही प्रत्यक्षात घडलेलं नसतं.’

दुसऱ्या दिवशी खजिनदारांचा मुलीला फोन आला. “त्या तुझ्या सर्चमध्ये बिघाड आहे गं. भलतीच वाक्यं दाखवतो.”

“काका, शेजारी मूळ पानाचा फोटोही दिसतो. ताडून बघा ना.”

“मग फोटोत बिघाड असेल!”

खजिनदारांनी पुस्तक दोनदा वाचल्याचं सगळ्यांना सांगितलं होतं. चिटणिसांनी तर साप्ताहिकात परीक्षण लिहिलं होतं, ‘शेवटचं पान मिटताना डोळे पाणावले.’ तेव्हा तिघांनाही राग गिळूनच राहावं लागत होतं. गिळलेला राग कुठेतरी निघणारच. नानांवर काढता येत नव्हता; मग तो संगणकावर निघाला, आणि संगणकामागे मुलगी बसलेली होती.

एव्हाना ही चौकट गावभर झाली होती. औषधवाल्याने स्वतःला शोधलं, दंतवैद्याने शोधलं, नानांच्या साडूने दोन वेगवेगळ्या फोनवरून शोधलं. सापडलेल्यांचे चेहरे पडत, आणि न सापडलेले त्याहून जास्त नाराज होत.

महिनाअखेरच्या सभेत मुलगी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली. समोर तिचीच चौकशी चालू असल्यासारखं वाटत होतं.

“डोळ्यांना फार त्रास होतो हो त्या स्क्रीनचा,” उपाध्यक्ष म्हणाले.

“आणि विजेचं बिल?” खजिनदार म्हणाले. “शिवाय कागदाला एक वास असतो. तो कुठे आहे यात?”

“मी म्हणतो, बंदच करू,” चिटणीस म्हणाले. “पुस्तकाचा आत्माच हरवतो.”

नानांनी चष्मा काढून पुसला. “पुस्तक एकच चढलंय. माझं. त्यातलं कुणाला काही खटकलंय का?”

“छे छे! काहीतरीच काय, नाना!”

“नाही, तुम्ही वाचलेलंच होतं म्हणा.”

“म्हणजे काय! सगळ्यांनी वाचलंय!”

“मग बंद कशासाठी करायचं?”

शेवटी चिटणिसांनी वाट काढली. वाचनालय राहू द्यावं, मात्र त्यातली शोधायची सोय काढून टाकावी. तिच्यामुळे वाचक आळशी होतो. पुस्तक कसं पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायला हवं! ठराव एकमताने मंजूर झाला. मुलीच्या नोकरीचा निर्णय तीन महिने पुढे गेला: लोक खरोखर वाचतात असं दिसलं तर ठेवू, नाहीतर नमस्कार.

मुलीने स्वतःच्या हाताने ती चौकट काढली. सगळी मेहनत तिथेच तर होती. आता उरलं होतं ते सहाशे चाळीस पानांचं एक पुस्तक, जे बारा वर्षांत कुणी वाचलं नव्हतं आणि पुढच्या तीन महिन्यांत कुणी वाचायचं काही कारण नव्हतं. ती पायऱ्या उतरत होती तेव्हा नाना कठड्याला धरून उभे होते. त्यांचे खांदे हलत होते. रडताहेत की काय, म्हणून ती धावली. नाना हसत होते.

“अगं, बारा वर्षं वाट बघतोय! एकेकाला नेमकं टोचेल असं लिहिलं होतं. म्हटलं, येतील, भांडतील, चार दिवस मजा येईल. तर जो तो येऊन मिठी मारतोय! खजिनदाराने तर समारंभात माझ्यावर गाणं म्हटलं. मी झोपलो.”

“पण आता तर शोधताही येणार नाही, नाना.”

“तेच तर! आता यांना पहिल्या पानापासून वाचावं लागेल.”

आणि तसंच झालं. पहिल्या दिवसांत प्रत्येकाला दोन-चार जागा सापडल्या होत्या. नाव न घेता आपल्यावर आणखी किती लिहिलंय, हे कळायला आता दुसरा मार्ग नव्हता. उपाध्यक्ष सकाळी येऊन कोपऱ्यातला संगणक अडवून बसू लागले. दंतवैद्य दोन पेशंटांच्या मध्ये दहा पानं उरकू लागला. साडू एकशे ऐंशीव्या पानापर्यंत आला आणि उठून थेट नानांच्या घरी भांडायला गेला. नानांनी त्याला आनंदाने बसवून घेतलं. तीन महिन्यांचा तक्ता मुलीने सभेपुढे ठेवला, तेव्हा त्यातली रेघ जिन्यासारखी वर चढत गेलेली होती. तिची नोकरी कायम झाली, आणि इतिवृत्तात चिटणिसांनी लिहिलं, ‘वाचनसंस्कृती रुजवण्याचे कार्यकारिणीचे प्रयत्न फळाला आले.’

त्याच आठवड्यात दुपारच्या शांत वेळी एक बाई टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. नानांच्या पत्नी. त्यांना आत येताना मुलीने याआधी कधी पाहिलं नव्हतं.

“बसा ना काकू. पुस्तक हवंय का?”

“नको गं. वाचून झालं. सगळं, शेवटच्या ओळीपर्यंत.” त्या खुर्चीवर टेकल्या. “छान लिहिलंय ह्यांनी. खजिनदार आहेत, चिटणीस आहेत, साडू आहे. आमच्या मोरीतल्या गळक्या नळावर अडीच पानं आहेत.”

“आणि तुम्ही?”

“आहे की. तीनशे बारा पानावर.” काकूंनी पदर नीट केला. “‘दुपारी घरून डबा आला.’”

काकू टेबलावरच्या स्कॅनरकडे, एखादं नवं यंत्र विकत घ्यायच्या आधी बघावं तशा, बारकाईने बघत होत्या.

“यात पुस्तक चढवायचं, तर छापलेलंच लागतं का?”

“नाही काकू. हाताने लिहिलेलंही चालतं, मी टाइप करून घेईन. कुणाचं आहे?”

“होतंय अजून. शंभरेक पानं झालीत.” काकू उठल्या. दारापर्यंत जाऊन पुन्हा वळल्या. “आणि ते सर्च का काय म्हणतात, तेवढं पुन्हा सुरू करून ठेव बाई. ह्यांना लांबलचक वाचवत नाही. नाव टाकलं, की पटकन सापडायला हवं.”