चाळीस वॅटचा हिशेब

"मेघालीचा फोन लागला नाही, तर ती गाडी मनोरला जाईल," सुलूने तांदळाची भाकरी तव्यावर टाकत सांगितलं. आवाज चढलेला नव्हता. सुलूचा आवाज चढला की दिनानाथ चुरी निर्धास्त असत. ती शांतपणे बोलली की समजावं, निकाल आधीच लागलेला आहे, आता फक्त वाचून दाखवणं चाललंय.

गाडी म्हणजे शाळेची जुनी पिवळी व्हॅन. बोईसरच्या एका कारखान्यात विजेच्या देखभालीचं काम करून निवृत्त झाल्यावर दिनानाथांनी ती घेतली. आतली बाकडी काढून पलंग बसवला, शेगडीला जागा केली. "खिडकीतून हात बाहेर काढू नये" ही पाटी मात्र राहू दिली, कारण ती सूचना त्यांना तत्त्वतः मान्य होती. बेत असा की अधूनमधून उमरोळीचं घर बंद करायचं, नांदगावच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनात दोन दिवस राहायचं आणि विजेसाठी कुणाच्या दारात जायचं नाही.

"जन्मभर दुसऱ्यांच्या यंत्रांना वीज पोचवली," ते म्हणत. "आता आपल्यापुरती आपण करायची."

त्यासाठी सोलर पॅनेल किती मोठं हवं, याचा हिशेब त्यांनी एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर मांडला. दोन मोबाइल, एक छोटा पंखा, एक दिवा. प्रत्येकाला किती वीज, ऊन किती तास, वाटेत गळती किती. उत्तर तिसाच्या आत आलं. दिनानाथांनी चाळीस वॅटचं पॅनेल आणलं आणि त्या दिवशी दोनदा चहा घेतला. व्हॅनच्या स्वतःच्या बॅटरीवरून मोबाइल चार्ज करायची सोय होती, ती त्यांनी पक्कड घेऊन तोडून टाकली. तत्त्वाला चोरवाट नको.

पहिल्या मुक्कामात सगळं हिशेबाप्रमाणे झालं, फक्त चार्जिंग झालं नाही.

व्हॅन सावलीत उभी होती, कारण उन्हात तिची भट्टी व्हायची. पॅनेल लांब वायर लावून बाहेर उघड्या वाळूत, विटांवर तिरकं ठेवलं होतं. सकाळी दिनानाथांनी मीटर लावून पाहिला, आकडा चोख. मग जेवण झालं आणि ते झोपले. वर्षानुवर्षं रात्रपाळी केलेल्या माणसाची दुपारची झोप; बाहेर मालगाडी घसरली असती तरी चौकशी चारनंतरच झाली असती. उठून मीटर लावला, उतरत्या उन्हाच्या मानाने आकडा पुन्हा चोख. आणि संध्याकाळी सुलूचा मोबाइल मान टाकून मोकळा. दिनानाथांचा जेवणाआधीच गेला होता. त्यावर ते सूर्याची दिशा बघत बसले होते.

मेघाली म्हणजे त्यांची मुलगी. लग्न होऊन नागपूरला गेलेली, रोज सात वाजता आईला फोन करणारी. त्या दिवशी दोन्ही फोन बंद लागल्यावर तिने मामाला पिटाळलं. मामा शैलेश, सुलूचा धाकटा भाऊ, बोईसरला जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करणारा. तो टॉर्च घेऊन बनात आला तेव्हा अक्का आणि भावोजी अंधारात शांतपणे कालवण-भात जेवत होते.

"भावोजी, पोरगी तिकडे रडतेय," शैलेश म्हणाला. "आणि तुम्ही इथे माशाचे काटे काढताय."

"गळती जास्त धरायला हवी होती," दिनानाथ म्हणाले.

"गळती राहू दे. मनोरला माझं एक गिऱ्हाईक आहे, हितेश. त्याला भाजी वाहायला अशीच गाडी हवी आहे."

तिथून ती भाकरीवरची घोषणा.

दिनानाथांनी गळतीचा तपास केला. काचेवर एक बारीक चंदेरी थर होता. तो त्यांनी बोटाने पुसून जिभेला लावला. खारट. "खारा वारा," त्यांनी निदान केलं आणि पत्रिकेवर तेवढी तूट वाढवली. पॅनेलभोवती कावळेही फार दिसत होते, म्हणून कावळ्यांची थोडी तूट वेगळी धरली. उत्तर आता मोठं आलं. त्यांनी शंभर वॅटचं पॅनेल आणलं.

"केवढं मोठं आहे हो," सुलू म्हणाली. तिने त्यावरून हात फिरवला. दिनानाथांना ते कौतुक वाटलं, आणि होतंही. ते कशाचं, एवढंच त्यांना कळलं नाही.

दुसऱ्या मुक्कामात पंखा बंद ठेवला, दिवा लावला नाही. सात वाजता मेघालीचा फोन आला आणि लागला. "आई, तू तो..." एवढं बोलून मोबाइल विझला.

"लागला," दिनानाथ लगेच म्हणाले.

"तुटला."

"तू 'लागला नाही तर' म्हणाली होतीस. लागला तर होता."

सुलूने विझलेला मोबाइल त्यांच्या हातात ठेवला. "अजून एकदा," ती म्हणाली. "पुढच्या खेपेला शैलेश त्या हितेशला घेऊन संध्याकाळी थेट इथेच येईल. फोन बंद असला तर चावी तिथल्या तिथे द्यायची."

दिनानाथांनी पत्रिका उलटी केली, सुलटी केली. उत्तर नेहमी बरोबर येत होतं आणि बॅटरी नेहमी रिकामी राहत होती. वायर बदलली. बॅटरी बदलली. शेवटी दोनशे वॅटचं पॅनेल आलं, दाराच्या फळीएवढं. व्हॅनमध्ये ते पलंगावर झोपायचं आणि वाटेत सुलू त्याच्या कडेला बसायची. सोबत या खेपेला तिच्या दोन मोठ्या टोपल्याही होत्या.

"टोपल्या कशाला?"

"असू द्यात. लागतात."

हितेशची गाडी सहाला यायची होती. दुपारी जेवण झालं आणि दिनानाथांनी आयुष्यातला मोठा त्याग केला. ते पलंगावर आडवे झाले, डोळे मिटले, आणि झोपले नाहीत. खात्री वाटावी म्हणून थोडं घोरलेसुद्धा.

काही वेळाने बाहेर बोलणं ऐकू आलं.

"झोपलं का तुमचं मानूस?" हा आवाज जमुनाचा. जमुना किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यातली, पहाटेच्या होडीची मासळी विकणारी.

"झोपले. आण इकडे."

"आज मोठी फळी हाय, सुलूताय. दोन पाट्या टाकू. आमी वाळूत टाकतो त्याला रेती लागते. तुमच्या काचेवर काय झाक वाळतो. मागल्या खेपेचा माजी सून बगत राहिली."

दिनानाथ खिडकीपाशी आले. दोनशे वॅटच्या पॅनेलवर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओला जवळा, ती बारीक कोळंबी, पसरत चालला होता. सुलू बोटांनी तो सारखा करत होती, काचेचा एक इंचही वाया जाऊ न देता. जमुना फडकं फिरवून कावळे हाकत होती.

"सुलू," ते खिडकीतून हात बाहेर काढून म्हणाले.

जमुना दचकली. सुलू नाही. "तुम्ही झोपला नाहीत?"

दिनानाथ खाली उतरले. "हे प्रत्येक खेपेला चालतं?"

"मग? चार वाजेपर्यंत खडखडीत होतो. तुमची झोप होते, माझं वाळवण होतं."

"अगं, पॅनेलला ऊन लागायला नको?"

"लागतंय की." सुलूने त्यांचा हात धरून काचेच्या कडेवर टेकवला. चटका बसला. "बघा. एवढं तापलंय. ऊन पोचल्याशिवाय तापलं?"

"ते उष्णतेवर चालत नाही. उजेडावर चालतं."

"हे तुम्ही सांगितलंत कधी? ऊन हवं, ऊन हवं एवढंच म्हणत होता. म्हणून मीच ते जास्त उन्हात सरकवत होते. वायर पुरेना, तरी."

दिनानाथांनी पॅनेलकडे पाहिलं. त्यांना राग यायला हवा होता. पण मनात भलताच आनंद पसरत होता. हिशेब बरोबर होता. पहिल्या दिवसापासून बरोबर होता. चाळीस वॅट पुरले असते. पत्रिकेत एकच गोष्ट धरायची राहिली होती, आणि ती कुठल्याही विजेच्या पुस्तकात दिलेली नव्हती.

"उचल," ते म्हणाले. "अजून ऊन आहे. सातपर्यंत फोन होईल."

"आता? अर्धा ओला आहे. आता गोळा केला तर रात्रीत वास मारेल."

"मग मेघालीचा फोन? सुलू, तूच ठरव. मेघाली की जवळा."

"मेघालीनेच मागवलाय," सुलू म्हणाली. "तिकडे असा मिळत नाही. गेल्या खेपेला तेच विचारत होती, फोन गेला तेव्हा. 'आई, तू तो जवळा पाठवणार आहेस ना.'"

जमुनाने फडकं थांबवलं. "पोटुशी बाय काय मागते ते देयाला लागते, दादा."

"पोटुशी?" दिनानाथ म्हणाले.

"मी तुम्हाला आज फोनवर तिच्याच तोंडून ऐकवणार होते," सुलू म्हणाली. "म्हणून तर लागायला हवा होता."

 दिनानाथांनी जमुनाच्या हातातलं फडकं घेतलं आणि कावळे हाकायला बसले. आज दोन पाट्यांना वेळ लागला; सहा वाजत आले तोवर हाकले. एका कोपऱ्यात जवळा दाट पडला होता, तो सुलूच्या नकळत बोटाने पातळ केला.

सहाला शैलेश आला. सोबत हितेश. शैलेशने लांबूनच मोबाइल वर धरला. "बंद येतोय, अक्का. ठरलं होतं तसं. भावोजी, चावी."

दिनानाथांनी खिशातून चावी काढली. ठरलं होतं, आणि ठरलेल्या गोष्टीतून पळवाट काढायचा हा मनुष्य नव्हता. त्याच्या पळवाटा त्याने स्वतःच तोडल्या होत्या. चावी त्यांनी सुलूच्या हातात दिली.

सुलूने ती कमरेला खोचली.

"गाडी जायची नाही," ती म्हणाली.

"अक्का, तूच म्हणाली होतीस."

"म्हणाले होते. घराच्या गच्चीवर मांजरं येतात. इथे काचेवर रेती नाही, मांजर नाही, राखणीला माणूस आहे. चैत्रापर्यंत मला चार टोपल्या करायच्या आहेत. हे एवढं पॅनेल आणायचं कशातून, तुझ्या मोटरसायकलवरून?"

हितेशने इतक्यात टोपलीतला चिमूटभर जवळा तोंडात टाकला होता. तो पॅनेलभोवती एक फेरी मारून आला. "गाडी राहू द्या, काका," तो दिनानाथांना म्हणाला. "ही जवळ्याची फळी कुठे मिळते? आईला एक न्यायला हवी."

सातला मेघालीचा फोन शैलेशच्या मोबाइलवर आला. दिनानाथांनी बातमी दुसऱ्यांदा, पण पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकली, आणि "किती पाठवू?" एवढंच विचारलं. बोलणं लांबलं. मोबाइल परत हातात आला तेव्हा शैलेशने पडद्याकडे पाहिलं.

"भावोजी, माझाही जायला आलाय. जरा चार्जिंगला लावता?"

"उद्या," दिनानाथ म्हणाले. "दुपारी चारनंतर. टोपल्या उचलल्या की."

मग ते व्हॅनमध्ये जाऊन बसले, मेणबत्ती लावली आणि पत्रिका काढली. दोन मोबाइल, एक पंखा, एक दिवा. त्याखाली त्यांनी नीट अक्षरात लिहिलं: जवळा, चार टोपल्या. आणि मोठ्या जिद्दीने नवं पॅनेल किती वॅटचं लागेल ते काढायला घेतलं.