पिठावरचं पाऊल

गणपतभाऊ रिकाम्या खोलीचंही दार वाजवत. वाजवून कान देत, कोणाचं तरी ऐकल्यासारखी मान हलवत, आणि मगच कुलूप काढत. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा भर दुपार होती, तरी हातातली बादली मला खाली ठेवावी लागली.

भिलाईत नेहरू नगरच्या मागे एका धर्मादाय ट्रस्टचा वृद्धाश्रम होता. मी तिथं स्वयंपाक करायची. नळ, वीज, मोटार, दारं-खिडक्या असं सगळं गणपतभाऊ सांभाळायचे. एकटा जीव, पंपाच्या खोलीतच राहायचे.

मॅनेजरसाहेबांनी एकदा विचारलं, "रिकामी खोली कावून ठोकून राहिले हो?"

"साहेब, सामान हलवलं आपण. माणूस हालला का नाही, थे कोणाले माहीत? सांगून गेलेलं बरं राहते."

साहेब त्यानंतर त्या बाजूला एकटे गेले नाहीत.

सांगून गेलेलं बरं राहते, हे त्यांचं नेहमीचं. मोटार चालू करताना पाइपांनाही सांगत, "पाणी येऊन राहिलं, तयार राहा." मग भिंतीतून एक लांब हुंकार येई. नव्या आज्या दचकत.

"हवा अडकते ना आत?" मी विचारलं.

"हवाच आहे," ते म्हणाले. मग पाइपाला कान लावून म्हणाले, "बहुतेक."

कोपऱ्यातल्या खोलीतल्या सोनाबाई गेल्या. त्यांच्यामागे कोणीच नव्हतं. ट्रस्टनं अग्नी दिला आणि खोलीला कुलूप लावलं. दुसऱ्या दिवसापासून त्या बंद खोलीतला नळ आपोआप वाहू लागला. गणपतभाऊ वायसर बदलून यायचे, संध्याकाळी पुन्हा धार. एकदा मी सोबत गेले, तर ते नळापुढे उकिडवे बसून समजावत होते, "तहान लागली असन तर पिऊन घ्या, बाई. पण मंग बंद करत जा."

शेजारच्या फुलाबाईंनी जेवण सोडलं.

"थे गेलीच नाही," त्या म्हणायच्या. "तिच्यासाठी पीठ कोण पसरन? माह्यं बी असंच होईन. मले तरी कोण आहे?"

आमच्याकडे माणूस गेला की दहाव्याला त्याच्या जागेवर दिवा लावतात, पीठ पसरतात आणि वर टोपली झाकतात. सकाळी पिठावर ज्याचं पाऊल उमटलेलं दिसेल, त्या जन्माला तो जीव गेला असं समजतात. हे घरच्यांनी करायचं असतं. साहेब म्हणाले, घरचे नाहीत तर हा प्रकार नको, बाकीच्या उगाच घाबरतील. फुलाबाईंचं ताट तसंच परत येत राहिलं. त्यांना भिंतीला धरून चालावं लागायचं.

दहाव्या दिवशी गणपतभाऊ स्वयंपाकघराच्या दारात आले.

"वैनी, वाटीभर पीठ द्या. बारीक चाळलेलं. जाड्याभरड्यावर उमटत नाही."

"काय उमटत नाही?"

"जे यायचं असन थे."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फुलाबाईंना हात धरून त्या खोलीत नेलं. मी मागे होते. त्यांनी टोपली उचलली. पिठावर लहान लहान खुरं उमटली होती, दोन-दोन फाकांची, दाराकडे तोंड केलेली.

फुलाबाई भिंतीला धरून खाली वाकल्या. मग हळूच म्हणाल्या, "वासरू झाली. आता तिले माय भेटली."

त्या दिवशी त्यांनी भात दोनदा मागून घेतला. कोपऱ्यातल्या खोलीतला नळही थांबला. नवं वायसर टाकलं का, असं मी गणपतभाऊंना विचारलं, तर त्यांनी नुसती नकारार्थी मान हलवली. ते स्वतःच जरा घाबरल्यासारखे दिसले.

दुपारी ते स्वयंपाकघरातला नळ कसायला आले. पकड ओट्यावर ठेवली. तिच्या दोन्ही जबड्यांच्या खाचांत पीठ बसलं होतं. मी पकडीकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. मी ती पदरानं पुसली आणि त्यांच्या हातात दिली.

नळ कसून झाला होता, तरी ते कसतच राहिले.

"वैनी, माह्या वेळेस पीठ तुमी पसरसान काय?"

मला पटकन बोलायला जमत नाही. त्या दिवशी मात्र मी विचारलं, "कशाचं पाऊल पाहिजे?"

त्यांनी पकड खाली ठेवली.

"चिमणीचं काढा," ते म्हणाले. "घरात आली तरी कोणी हाकलत नाही."