तुझं कुठे ठरलंय?

माझ्या आयरिश नणंदेने पहिल्या भेटीत माझं नाव विचारलं, चहात साखर किती ते विचारलं, आणि तिसरा प्रश्न केला, "मेल्यावर तुझं कुठे ठरलंय?"

लग्नाला नऊ दिवस झाले होते हो! आता वय माझं एकावन्न आणि नवऱ्याचं अठ्ठावन्न, लग्नही रजिस्टर ऑफिसातलं, पण नवी नवरी ती नवी नवरी. लाल साडी नेसून मी नॉटिंगहॅममधल्या तिच्या घरी चहाला गेले होते, आणि ही बाई मला पुरायलाच निघालेली.

"अजून ठरवलं नाही," मी म्हटलं.

"ठरव. चांगल्या जागा पटापट जातात."

नाव त्यांचं नोरा. पण नवऱ्याच्या थोरल्या बहिणीला नावाने हाक मारायला माझी जीभ वळेना, म्हणून मी वन्संच म्हणायला लागले. त्यांनी अर्थ विचारला, मी सांगितला. पुढच्या आठवड्यापासून फोन उचलला की पलीकडून आवाज, "वन्सं हिअर."

नवरा, मायकल, हॉस्पिटलात पोर्टर होता आणि मी तिथेच लिनन रूममध्ये चादरींच्या घड्या घालायची. त्याची पहिली बायको, केट, जाऊन सहा वर्षं झाली होती. माझं तर पहिलंच लग्न. मिरजेहून भावाच्या मागे इकडे आले, त्याची मुलं वाढवली, आणि माझं राहूनच गेलं होतं. दोन हजार चार साली ते झालं.

वन्संना वेड एकच, सिमेटरी. रविवारी चर्च सुटलं की बादली, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश घेऊन निघायच्या. गाडी मी चालवायची. प्रत्येक ओळखीच्या कबरीचा दगड घासायच्या, आणि घासता घासता खालच्या माणसाला आठवड्याच्या बातम्या सांगायच्या. पर्समध्ये आलेखाचा कागद असे. त्यावर सगळ्या सिमेटरीचा नकाशा, आयर्लंडातल्या मेयोची माणसं हिरव्या पेन्सिलीत, कॉर्कची निळ्या. "कॉर्कवाले जिवंतपणीच फार बोलतात," त्या म्हणायच्या, "त्यांना पलीकडच्या ओळीत ठेवलेलं बरं." जसं काही या स्वतः जागावाटप करत होत्या!

आयरिश क्लबातही तेच. मी पर्स मांडीवर घट्ट धरून बसलेली, आणि वन्सं बायकांना माझी ओळख करून देणार, "ही आमच्या मायकलची बायको सुमन. अजून ठरलेलं नाही हिचं." बायका माझ्याकडे अशा बघायच्या, जशी मी बेघरच आहे.

खोटं कशाला बोलू, मी हसून सोडून द्यायची. पण एका रविवारी केटच्या दगडापाशी गेले आणि हसू गेलं. वर केटचं नाव, साल. त्याच्याखाली मायकलचं नाव! जन्मसाल, आडवी रेघ, आणि पुढे कोरी जागा. माझा जिताजागता नवरा माझ्या शेजारी उभा राहून हॅम सँडविच खात होता.

"हे काय?" मी विचारलं.

"तेव्हा एकत्रच कोरून घेतलं," तो ओशाळून म्हणाला.

"दोघांचीच जागा आहे," वन्संनी टूथब्रश झटकला. "म्हणून तर विचारते ना तुला!"

मला काय वाटलं, कसं सांगू? नवऱ्याने घर दिलं, आडनाव दिलं, पण शेवटी तो जाणार केटकडे, आणि माझं कुठे ते कुणालाच माहीत नाही. म्हणजे मी पाहुणीच. मी त्यानंतर रविवारी जाणं बंद केलं.

तेवढ्यात मायकलच्या छातीत दुखायला लागलं. बायपास करावी लागेल म्हणाले. घरात आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता जेवायचो. आणि वन्सं? रोज संध्याकाळी दारात. "सुमन, त्याच्या ऑपरेशनआधी तुझं ठरू दे, प्लीज गॉड."

तिसऱ्या दिवशी मी ओरडलेच. "आमच्यात पुरत नाहीत, जाळतात! कळलं? मला जागा नकोय तुमची!"

वन्संचा चेहरा पांढराफटक पडला. कोट न घालताच गेल्या. पुढे दहा दिवस आल्याच नाहीत.

ऑपरेशनच्या सकाळी मात्र वेटिंग रूममध्ये माझ्याआधी हजर. चार तास लागतील म्हणाले होते, पाचवा चालू झाला. आणि अशा वेळी या बाईंनी पर्स उघडून तो नकाशा बाहेर काढला.

"तो आत छाती उघडून पडलाय," मी सगळ्यांसमोर म्हटलं, "आणि तुम्ही हे काढता? लाज वाटत नाही?"

त्यांनी कागद माझ्या मांडीवर ठेवला. भिंतीकडच्या ओळीत दोन चौकोन जोडून होते. एकात शाईने 'नोरा'. दुसऱ्यातला कागद खोडून खोडून विरलेला, आणि त्यावर ताज्या पेन्सिलीने माझं नाव.

"माझं लग्न ठरलं तेव्हा दोघांची जागा घेतली होती," त्या हळूच म्हणाल्या. "लोक फर्निचर घेतात, मी ही घेतली. तो सहा महिन्यांसाठी म्हणून बॉस्टनला गेला."

"कधी?"

"छत्तीस वर्षं झाली."

मायकलनेही मला हे कधी सांगितलं नव्हतं.

"तू जाळतात म्हणालीस, मी घाबरले. मग ही जाणार कुठे? वाऱ्यावर? फादरकडे तीनदा गेले. ते म्हणाले, कौन्सिलला विचार. कौन्सिलमधली पोरगी म्हणाली, राख चालते." त्यांनी नकाशावर बोट ठेवलं. "समोरच्या ओळीत मायकल आणि केट. इथून तुला तो दिसेल."

मी उत्तर द्यायच्या आत नर्स बाहेर आली. ऑपरेशन नीट झालं होतं. दोघी उभ्या राहिलो आणि दोघी खाली बसलो.

मग त्याला बघायला निघालो. कॉरिडॉर लांबलचक. निम्म्यात मी म्हटलं, "वन्सं, अर्धी राख कृष्णेत सोडायची हं. घाटावर."

"अर्धी चालेल." थोडं चालून त्यांनी विचारलं, "घोरतेस का गं तू?"

"मायकल म्हणतो, घोरते."

"बरं झालं," वन्सं म्हणाल्या आणि माझा दंड धरला. "घरात एकटीला फार शांत शांत होतं."