सीमेचा दगड आणि हिल्डाची गूजबेरी

सभा लवकर संपावी, एवढ्याच एका शुद्ध हेतूनं मी हात वर केला. घरी ओव्हनमध्ये कोंबडी भाजत होती, आणि टॅडकम पॅरिश कौन्सिलची, म्हणजे आमच्या गावपंचायतीची, सभा बसथांब्याला हिरवा रंग द्यावा की गडद हिरवा, या प्रश्नावर एक तास दहा मिनिटं अडकून पडली होती. (त्या थांब्यावर चार वर्षांत बस थांबलेली नाही. बसच बंद झालीय. पण थांबा आमचा आहे, आणि आमच्या कौन्सिलच्या मालकीच्या वस्तू मोजक्याच: हा थांबा, एक बाक, एक नोटिसबोर्ड आणि कुत्र्यांच्या घाणीचा डबा.)

शेवटचा विषय होता सीमाफेरी. दर सात वर्षांनी मे महिन्यात आम्ही सगळे विलोच्या छड्या घेऊन पॅरिशच्या हद्दीवरून चालतो आणि हद्दीच्या प्रत्येक दगडाला छड्या मारतो. पूर्वी नकाशे नव्हते, म्हणून दगड लक्षात राहावेत यासाठी मारायचे. आता नकाशे आहेत, तरी मारतो. तेवढ्यावर भागत नाही म्हणून एका दगडावर कौन्सिलच्या सर्वांत तरुण सदस्याला उलटं धरून त्याचं डोकं तीनदा टेकवतात, म्हणजे जागा त्याच्या जन्मभर लक्षात राहते. आमच्या सात जणांच्या कौन्सिलमध्ये सर्वांत तरुण मी. वय एकसष्ट.

"जुना नकाशा बघून फेरीचा मार्ग कोण आखून देईल?" अध्यक्षीणबाई मिसेस ब्रॅथवेट यांनी विचारलं.

सगळ्यांनी आपापल्या बुटांकडे बघितलं. मी बावीस वर्षं पाणीखात्यात नकाशांच्या गुंडाळ्या सांभाळलेला माणूस. शिवाय कोंबडी करपत होती. मी हात वर केला.

आमच्या क्लार्क मिस पर्विस यांनी मला हात धुवायला लावून नकाशा दिला. तीन दिवस जेवणाच्या टेबलावर तो पसरून मी बसलो होतो आणि हिल्डा, म्हणजे माझी बायको, ताट मांडीवर घेऊन जेवत होती. टॅडकमचा भूगोल तसा सोपा. दोनशे अकरा माणसं, चौदाशे मेंढ्या, एक चर्च. उत्तरेला माळ, दक्षिणेला ओढा, ओढ्यापलीकडे हॅल्सवुड पॅरिश. हा ओढा एके ठिकाणी विनाकारण वळतो, आणि नेमका त्या वळणात पब पलीकडे राहतो. हे दुःख आमच्या पॅरिशनं कित्येक पिढ्या गिळलंय. तर आमच्या घरामागे हद्द ओढा सोडते, चढ चढते आणि आमच्या परसातल्या, कोंबड्यांच्या खुराड्याशेजारच्या दगडावरून पुढे जाते. दगड मला माहीत होता. दर फेरीला लोक मागच्या फाटकातून यायचे, त्याला छड्या मारायचे, हिल्डाचं सरबत प्यायचे आणि जायचे. दगडाच्या कुठल्या बाजूला काय आहे, हे मोजायला सवड कुणाला होती?

मला होती. मी पावलं मोजली आणि मला एवढा आनंद झाला की पुढच्याच सभेत मी उभा राहून शोध जाहीर केला. "आमची गूजबेरीची तिन्ही झुडपं दगडाच्या पलीकडे नऊ पावलांवर आहेत. म्हणजे टॅडकममध्ये नाहीतच. हॅल्सवुडमध्ये आहेत."

"अगदी नक्की?" मिसेस ब्रॅथवेट म्हणाल्या.

"माझं आयुष्य नकाशांत गेलंय, बाई."

"मग तसं लिहून सही करून द्या ना. आणि हे घ्या, बिस्किटं घ्या."

त्या बाईंनी सहा वर्षांत पहिल्यांदाच बिस्किटांचा डबा माझ्यापुढे केला, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. मी दोन बिस्किटं खाल्ली आणि सही केली.

घरी येऊन मी ही मौज हिल्डाला सांगितली. ती झुडपांजवळ होती. पाऊस पडत होता आणि तिनं झुडपांवर छत्री धरली होती. (ती छत्री आमच्या घरातली एकुलती एक. मी भिजतच आलो होतो.) ऑगस्टमधल्या गूजबेरी प्रदर्शनात सर्वांत जड फळाला चांदीचा चषक मिळतो. सलग तीन वर्षं जिंकणाऱ्याकडे तो कायमचा राहतो. हिल्डा दोन वर्षं जिंकली होती. दोन्ही वर्षं दुसरा नंबर मिसेस ब्रॅथवेट यांचा होता.

"एडविन," हिल्डा हळूच म्हणाली, "प्रदर्शनाचा पहिला नियम काय आहे?"

"फळ पॅरिशच्या मातीत..."

"पिकलेलं हवं," तिनं वाक्य पुरं केलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती झुडपांकडे बघत राहिली. ती झुडपं तिच्या आईनं लावलेली होती, आणि त्या चषकासाठी तिनं कपाटाचा मधला कप्पा दोन वर्षांपासून रिकामा ठेवला होता. मला स्वतःची लाज वाटली.

"मी काहीतरी करतो," मी म्हणालो.

"तू काही करू नकोस. तू काही केलंस की वाढतं."

झुडपं हलवावीत तर त्यांना फळ धरलेलं. कायद्यानं हद्द बदलावी म्हणून मिस पर्विस यांना विचारलं तर त्यांनी मला चौदा पानी अर्ज दिला. "दोन्ही पॅरिशची संमती, मग जिल्ह्याची चौकशी, मग हरकती. तीनेक वर्षांत होईल, कुणी भांडलं नाही तर." आमच्याकडे बसथांब्याच्या रंगावरून दोन घरांत बोलणं बंद आहे. मी अर्ज परत केला.

मग माझ्या लक्षात आलं की जुन्या नकाशावरची रेघ इतकी जाड आहे की तिची जाडीच जमिनीवर वीस पावलं भरते. त्या वीस पावलांत हद्द नेमकी कुठे, हे सांगणारा पुरावा एकच: दगड. आणि दगड काही झाडासारखा मुळं धरून नसतो.

फेरीच्या आदल्या दिवशी पहाटे, हिल्डा झोपेत असताना, मी पहार आणि ढकलगाडी घेऊन परसात गेलो. दगड गुडघ्याएवढा, पण त्याचा हट्ट एखाद्या म्हशीचा. ढकलगाडीचं चाक वाकलं, माझी कंबर लचकली, कोंबड्यांनी सगळा तमाशा आळीपाळीनं बघितला. सहा वाजेपर्यंत दगड झुडपांच्या पलीकडे उभा होता. वर मी शेवाळ थापलं. शेवाळ उलट्या बाजूला थापलं गेलं, पण तेवढं कोण बघतंय?

दुसऱ्या दिवशी दुपारी साठेक माणसं छड्या घेऊन परसात शिरली. मिसेस ब्रॅथवेट सर्वांत पुढे. दगडापाशी त्या थबकल्या.

"मिस्टर थ्रेलफॉल, तुम्ही सही करून दिलंय की झुडपं दगडाच्या पलीकडे आहेत. मला तर अलीकडे दिसताहेत."

"मोजण्यात चूक झाली असेल," मी म्हणालो.

"तुमचं आयुष्य नकाशांत गेलंय ना?"

"म्हणूनच जमिनीवर चुकतं."

हिल्डा हातात सरबताचा जग घेऊन उभी होती. तिनं दगडाकडे बघितलं, मग माझ्या कंबरेकडे, जिला मी दोन्ही हातांनी धरलं होतं. तिला सगळं कळलं.

"थांबा," मागून आवाज आला. पॅरिशमधले सर्वांत म्हातारे गॅडबी पुढे आले. वय चौऱ्याऐंशी. "मला सातव्या वर्षी याच दगडावर आपटलं होतं; तेव्हा गावातल्या पोरांना आपटायचे. मी सांगतो."

गॅडबींनी काठी बाजूला ठेवली, दगडाकडे पाठ केली, वाकले आणि स्वतःच्या दोन पायांमधून आमच्या घराकडे बघू लागले. पाऊण मिनिट ते तसेच वाकलेले राहिले. (ते पुन्हा सरळ होतील की नाही, हीच चिंता होती.)

"बरोबर आहे," ते म्हणाले. "उलटं बघितलं की चर्चचा मनोरा घराच्या दोन धुराड्यांच्या मधोमध दिसायचा. दिसतोय. दगड इथेच होता. मधे हिल्डाच्या आजोबांनी खुराड्याला टेकू म्हणून तिकडे नेला होता."

"मग तुम्ही इतक्या फेऱ्यांत बोलला का नाहीत?" मिसेस ब्रॅथवेट यांचा चेहरा पडला होता.

"कुणी विचारलं नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. हिल्डानं गॅडबींना सरबताचा पहिला पेला दिला आणि माझ्याकडे बघून हसली. तिच्या त्या हसण्यासाठी मी आणखी चार दगड हलवले असते. मिस पर्विस यांनी वहीत लिहिलं, 'दगड योग्य जागी.' चषक कपाटात आल्यासारखाच होता. मी फक्त गप्प राहायचं होतं.

"आता तरुण सदस्य," गॅडबी म्हणाले. "चल रे पोरा."

दोघा धिप्पाड मेंढपाळांनी माझा एकेक पाय धरला आणि मला उलटा केला. खिशातला चष्मा पडला, सुटी नाणी पडली, कंबरेतून कळ गेली. डोकं एकदा टेकलं. आणि मी डोळे उघडले तर समोर, अगदी गॅडबी म्हणाले तसा, चर्चचा मनोरा दोन धुराड्यांच्या मधोमध, एक इंचही इकडेतिकडे नाही. पाणीखात्यातल्या बावीस वर्षांत माझं एकही मोजमाप इतकं अचूक आलं नव्हतं.

"अरे वा," मी आनंदानं ओरडलो, "म्हणजे काल पहाटे मी दगड अगदी बरोब्बर जागी आणला की."

खुराड्यातल्या कोंबड्याही टोचायच्या थांबल्या.

"काल पहाटे," मिसेस ब्रॅथवेट सावकाश म्हणाल्या. "मिस पर्विस, लिहून घ्या. गॅडबींची आठवण सत्त्याहत्तर वर्षांपूर्वीची, आणि दगड कालचा. पुरावा म्हणून उरली ती मिस्टर थ्रेलफॉल यांची सही."

"मला खाली सोडता का?" मी विचारलं.

"कौन्सिलचे सगळे सदस्य हजर आहेत. ठराव मांडावा लागेल," मिस पर्विस म्हणाल्या.

ठराव मांडला गेला. अनुमोदनाला वेळ लागला. मला सुलटं करावं, हा ठराव चार विरुद्ध दोन मतांनी मंजूर झाला. (मी मत देऊ शकलो नाही. हात जमिनीवर टेकलेले होते, आणि मत हात वर करूनच द्यायचं असतं.) दगड त्याच दिवशी खुराड्याशेजारी परत गेला. गाडी मीच ढकलली.

पाहुणे गेल्यावर हिल्डा म्हणाली, "दगड हलवलास, त्याचं मला काही नाही. नऊ पावलं तो धोंडा ओढलास माझ्यासाठी, हे मी विसरणार नाही. पण तीन मिनिटं तोंड मिटून राहणं त्यापेक्षा जड होतं का रे?"

तोंड मी त्या दिवशी पहिल्यांदाच मिटलं, पण फार उशिरा.

ऑगस्टमध्ये मिसेस ब्रॅथवेट चषक घेऊन गेल्या. हॅल्सवुडमध्ये गूजबेरीचं प्रदर्शन नाही, तिथे फक्त मेंढ्यांचं भरतं. त्याच संध्याकाळी हिल्डानं आपलं सर्वांत मोठं फळ स्वयंपाकघरातल्या तराजूत टाकलं. चषकवाल्या फळापेक्षा ते सहा ग्रॅमनं जास्त भरलं. मग तिनं ते एका मोठ्या बशीत ठेवून जेवणाला माझ्यापुढे आणलं. बाकी जेवण नव्हतं. मी ते तिच्यादेखत खाल्लं. फार आंबट होतं.

गेल्या महिन्यात कौन्सिलची एक जागा रिकामी झाली आणि हिल्डा बिनविरोध निवडून आली. तो चौदा पानी अर्ज तिनं भरून दिलाय. हद्द कायद्यानं सरकवायचीच, असा तिचा निश्चय आहे. मला मात्र वेगळाच आनंद झाला होता. नवा सदस्य आला, म्हणजे पुढच्या फेरीला सर्वांत तरुण मी नसणार.

हिल्डा माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी आहे, हे मला मिस पर्विस यांनी वही बघून सांगितलं. पुढच्या फेरीत माझा डावा पाय आपण धरणार, असं हिल्डानं आत्ताच लिहून सही करून दिलंय.