दोष काढायला गेलेले कुशाबा

"बाबा, अजून थोडं आंबट," प्राची म्हणाली. "कैरी खाल्ल्यासारखं नको. नासलेलं दूध प्यायल्यासारखं."

कुशाबा परबांनी नाक आणखी वर ओढलं आणि ओठ आणखी खाली सोडले. करी रोडच्या टॉवरमध्ये, एकतिसाव्या मजल्यावर, रविवारी सकाळी साडेनऊ वाजता परब कुटुंब तोंड वाकडं करायचा सराव करत होतं. त्यांच्या मुलाला, स्वप्नीलला, सरावाची गरज नव्हती, तो ऑडिटर होता. सुनेला, प्राचीला मात्र ते काही केल्या जमत नव्हतं आणि खरी भीती तिचीच होती.

कारण दलाल अनिशने बजावलं होतं, "मॅडम, घर आवडलं तरी चेहऱ्यावर दिसता कामा नये. जुन्या मालकांची नजर लई तेज असते. तुम्ही एकदा 'अय्या' बोललात ना, की भाव पाच लाखांनी वर. सीधी बात."

घर होतं दादरला, हिंदू कॉलनीतल्या तिसऱ्या गल्लीत. 'सुहासिनी' नावाची तीन मजली इमारत, तिला पुढून गोल गोल बाल्कन्या आणि त्या बाल्कन्यांवर गल्लीतल्या पर्जन्यवृक्षाने धरलेली छत्री. त्या गल्लीत भर मे महिन्यात दुपारी बाराला रस्त्यावर उन्हाचा कवडसा पडला तर लोक तो बघायला घराबाहेर येत. प्राची नववी-दहावीत असताना लालबागहून त्याच गल्लीत गणिताच्या शिकवणीला यायची. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या गोल बाल्कनीकडे बघत बघत तिने बीजगणिताची वाट लावली होती. आता तीच बाल्कनी विकाऊ होती. एकतिसाव्या मजल्यावरून तिच्या जुईला झाडं दिसत, ती वरून, कोथिंबिरीच्या जुड्यांसारखी. झाडाला खोड असतं हे पोरीला शाळेत शिकवावं लागलं होतं.

"मी गप्पच बसते," प्राचीने ठरवलं. "दोष बाबा काढतील."

निवड चोख होती. कुशाबांनी एकतीस वर्षं परळच्या गिरणीत फिटर म्हणून काढली होती. साचेखात्यात कापड विणणारे चारशे साचे एकदम धडधडत असायचे, पण कुशाबा गेटात पाऊल टाकताच म्हणायचे, "तिसऱ्या रांगेतल्या सातव्याचो नट ढिलो आसा." आणि तो असायचा. असा कान आणि असा डोळा असल्यावर पंचाहत्तर वर्षांच्या घरात दोषांना काय तोटा?

तोटा नव्हताच. घराच्या मालकांनी, कमलाकांत विजयकरांनी, दार उघडलं आणि दार असं किंचाळलं की समोरच्या इमारतीतल्या मीराबाई खिडकीतून ओरडल्या, "शकू, पाव्हणे आले का गं?" मीराबाईंनी गेल्या तीन वर्षांत विजयकरांकडे आलेला एकही पाहुणा चुकवला नव्हता.

पण दाराच्या आत जे होतं ते बघून प्राचीने ओढणीचं टोक तोंडात कोंबलं. पायाखाली हिरव्या-तांबड्या वेलबुट्टीच्या लाद्या, इतक्या गुळगुळीत की त्यात आपलं तोंड दिसावं आणि बरं दिसावं. सागवानी दारांवर पितळी कड्या. खिडक्यांच्या वर रंगीत काचा, त्यांतून जमिनीवर पडलेला जांभळा-पिवळा उजेड. आणि हॉलच्या मधोमध पितळी साखळ्यांचा झोपाळा. चौथी पिढी झुलत होती म्हणे त्याच्यावर. कमलाकांत सॉलिसिटरच्या कचेरीतून निवृत्त झाल्यापासून सकाळी सातला त्या झोपाळ्यावर बसत, ते पेपरातल्या निधनवार्ता संपल्यावरच उठत.

अनिशने डोळ्यांनी खूण केली. कुशाबांनी नासक्या दुधाचं तोंड केलं आणि सुरुवात केली.

"दार वाजता."

"वाजतं," कमलाकांत म्हणाले.

"खिडकी अडकता. संडासाच्या टाकीची साखळी ओढली की आवाज येता कायतरी."

"कायतरी? परब, चौथ्या गल्लीतली कबुतरं उडतात!" कमलाकांतांनी सुस्कारा सोडला. "पाऊणशे वर्षं या घराने हूं की चूं केलं नाही. गेल्या तीन वर्षांत काय दृष्ट लागली देव जाणे. आज ही बिजागरी, उद्या तो बोल्ट. कारागीर मिळत नाहीत. आले तर म्हणतात, काका, तोडून नवीन लावा. म्हणून तर विकायला काढलं, नाहीतर मी इथून खांद्यावरूनच जाणार होतो."

"अहो, काय बोलता!" आतून शकूताई चहा घेऊन आल्या. बुटक्या, गोऱ्या, हसतमुख. एक हात ट्रेवर नि दुसरा गुडघ्यावर.

कुशाबांचं मात्र बोलण्याकडे लक्ष नव्हतं. ते दाराची बिजागरी बघत होते, जशी आई तापाने फणफणलेल्या पोराकडे बघते. मग त्यांचा हात सदऱ्याच्या खिशात गेला आणि पाना बाहेर आला.

"बाबा!" स्वप्नील कुजबुजला. "दोष काढायला आलोय आपण."

"तांच तर करतंय," कुशाबा म्हणाले.

चार मिनिटांनी दार उघडलं ते लोण्यातून सुरी फिरावी तसं. समोरून मीराबाईंनी घाबरून विचारलं, "शकू, दार काढून टाकलंस काय?"

कमलाकांतांनी ते दार सात वेळा उघडून सात वेळा बंद केलं. आठव्यांदा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

घरी परतताना कुशाबांनी निकाल दिला, "एका खेपेला सगळे दोष सापडायचे नाय. उद्या परत जातंय."

उद्या गेले. परवा गेले. त्यानंतर रोजच सकाळी टिफिन न्यावा तशी हत्यारांची पिशवी घेऊन जाऊ लागले. गिरणी बंद पडल्यापासून त्यांची पाठ वाकली होती ती आठ दिवसांत सरळ झाली. संध्याकाळी परत यायचे ते हात तेलाने काळे आणि तोंड भानोल्याने तृप्त. शकूताईंच्या हातचं कोलंबीचं भानोलं खाल्ल्यावर नासक्या दुधाचं तोंड कसं राहणार?

"आज किती दोष सापडले, बाबा?" प्राचीने एकदा विचारलं.

"नऊ होते."

"अरे वा! सांगा ना, लिहून घेते. भाव पाडायला बरं."

"आता एकपण नाय. खिडक्या बोटान लोटल्यावर सरकतत. टाकी तर अशी झाली गो, की पाणी गेलां काय नाय, वाकून बघूक लागतां."

स्वप्नीलने कपाळावर हात मारला. "बाबा, आपण घर विकत घ्यायचंय. त्यांचं घर आपण नवीन करून देतोय!"

"रे मेल्या, वाईट मशीन बघून गप बसूक मी काय मॅनेजर आसंय?"

पुढच्या शनिवारी बयाणा द्यायचा ठरला होता. परब कुटुंब पेढे घेऊन पोहोचलं. दार आवाज न करता उघडलं, पंखा आवाज न करता फिरत होता, झोपाळा आवाज न करता झुलत होता आणि त्यावर बसलेले कमलाकांत अगदी तरणे दिसत होते.

"परब, तुमचे उपकार मी जन्मात फेडू शकणार नाही," ते म्हणाले. "माझ्या वडिलांचं घर तुम्ही मला परत दिलंत. असं घर कोण विकतो? मी नाही विकत!"

अनिशच्या हातातला चहा बशीत सांडला. शकूताई आत निघून गेल्या. प्राचीने गोल बाल्कनीकडे पाहिलं. पर्जन्यवृक्षाची एक फांदी कठड्यावर हात टेकल्यासारखी विसावली होती. मग ती म्हणाली, "काही हरकत नाही, काका. घर तुमचंच आहे." आणि दोन-दोन पायऱ्या उतरत गेली, कारण डोळ्यांतलं पाणी तिसऱ्या मजल्यावर दाखवायचं नव्हतं.

कुशाबा पिशवी घेऊन सगळ्यात शेवटी उतरत होते. पहिल्या मजल्याच्या वळणावर त्यांना मागून हाक आली. "भाऊ, थांबा जरा." शकूताई कठड्याला धरून एकेक पायरी उतरत आल्या आणि मटकन पायरीवरच बसल्या.

"तुम्ही माझं वाटोळं केलंत," त्या म्हणाल्या.

"मी? वहिनी, मी तर नट आवळले."

"तेच! तीन वर्षं मी एकेक करून ढिले केलेले!"

कुशाबा खालच्या पायरीवर बसले.

"शिवणाच्या मशीनचा छोटा स्क्रूड्रायव्हर आहे माझा," शकूताई म्हणाल्या. "हे दुपारी झोपले की मी एखादा स्क्रू काढायची. दिवसाला एकच हं. डिंकाच्या लाडवांचा डबा भरलाय स्क्रूंनी. माझे गुडघे गेले हो, भाऊ. तीन जिने चढायचे म्हणजे गिरनारच्या दत्ताच्या पायऱ्या वाटतात. मधुरा, आमची लेक, शिवडीला राहते, लिफ्टच्या इमारतीत. तिच्या समोरचाच ब्लॉक रिकामा आहे."

"मग साहेबांक सांगायचा ना सरळ!"

"सांगितलं असतं तर उद्याच निघाले असते. आणि तिथे जन्मभर तोंड पाडून बसले असते, माझ्यामुळे घर गेलं म्हणून. यांनी आपणहून कंटाळायला हवं होतं. आलेही होते कंटाळत! तेवढ्यात तुम्ही उगवलात."

कुशाबांनी हत्यारांची पिशवी मांडीवर घेतली. "वहिनी, संपाच्या दिवसांतसुद्धा मी साच्याक वाईट हात लावलेलो नाय. मोडूक माझो हात उठायचो नाय."

"मोडणं माझ्याकडे लागलं," शकूताई म्हणाल्या. "तुम्ही फक्त दुरुस्त करू नका."

सोमवारी सकाळी सात वाजता कमलाकांत झोपाळ्यावर बसले. झोपाळा एका बाजूने हळूच खाली झुकला आणि कमलाकांत पेपरासकट, निधनवार्तांसकट, लाद्यांवरून घसरत थेट देव्हाऱ्यापुढे पोहोचले. एका साखळीच्या कडीतली पितळी खीळ गायब होती. ती खीळ कुशाबांच्या सदऱ्याच्या खिशात होती. शकूताईंनी ती पहाटेच दूध घ्यायच्या निमित्ताने, तीन जिने उतरून, त्यांच्या हातात दिली होती.

लगेच फोन झाला. कुशाबा गल्लीच्या कोपऱ्यावरच उभे असल्यामुळे करी रोडहून चार मिनिटांत पोहोचले.

"बघा हो, परब," कमलाकांत कंबर चोळत म्हणाले. "तुम्हाला काय, पाच मिनिटांचं काम."

कुशाबा वाकले. कडी बघितली, साखळी बघितली, उगाच छतही बघितलं. लादीवर काहीतरी टण्णकन वाजलं. कमलाकांतांनी जागच्या जागी एक पाय हलवला. कुशाबांच्या कपाळावर घाम आला होता. एकतीस वर्षांत जे वाक्य त्यांनी जॉबरला, मास्तरला, खुद्द मालकाला ऐकवलं नव्हतं, ते घशातून बाहेर यायला तयार होईना.

"ह्या," ते शेवटी म्हणाले, "ह्या माझ्याच्यान होवचा नाय."

कमलाकांतांनी कंबर चोळणं थांबवलं. "तुमच्याच्यानं?"

"नाय."

मग कमलाकांतांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. शकूताई एका हाताने गुडघा धरून उभ्या होत्या आणि दुसरी मूठ नवस बोलल्यासारखी घट्ट आवळलेली होती. एक पाय अजिबात न हलवता कमलाकांत म्हणाले, "मग कुणाच्याच हातून होणार नाही. शकू, विकून टाकू हे खटारं. मधुराच्या समोरचा ब्लॉक अजून रिकामा आहे का गं?"

शकूताईंनी इतकं आश्चर्य दाखवलं की एखाद्याला संशय यावा.

कुशाबा घरी आले ते पडलेल्या तोंडाने. तोंड वाकडं करायचा सराव त्या दिवशी लागला नाही. त्यात खिशातली खीळही सापडेना. घर ताब्यात आल्यावर ती गुपचूप बसवून टाकू, म्हणजे पाप फिटेल, असा त्यांचा हिशेब होता. त्यांनी सदरा झटकला, पिशवी उलटी केली, गल्लीतल्या झाडाखाली वाकून शोधलं. नाही म्हणजे नाही.

दोन महिन्यांनी व्यवहार पुरा झाला. भाव अनिशच्या मते 'एकदम रीझनेबल' होता, कारण त्या दोन महिन्यांत प्राचीने एकदाही 'अय्या' म्हटलं नव्हतं. नुसतं 'बरं आहे', 'ठीक आहे', 'बघू' एवढंच म्हणत ती दिवसेंदिवस फुगत चालली होती. स्वप्नीलला तर तिचा रक्तदाब तपासावा असं वाटू लागलं होतं.

किल्ल्या द्यायच्या दिवशी शकूताई मधुराबरोबर खाली टॅक्सीत जाऊन बसल्या. कमलाकांत एकटेच वर थांबले. त्यांनी प्रत्येक लादीवरून एकदा चालून घेतलं, दार एकदा उघडून मिटलं आणि कुशाबांना बाल्कनीत बोलावून किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या तळहातावर ठेवला. जुडग्याबरोबर आणखी काहीतरी जड होतं.

पितळी खीळ होती.

कुशाबांची मान खाली गेली. "साहेब, तुमका म्हायत होता?"

"त्याच दिवशी कळलं. तुमच्या खिशातून पडली ती माझ्या पायाखाली आली." कमलाकांत झाडाकडे बघत होते. "तुमच्यासारखा कारागीर जिच्यासाठी 'येत नाही' म्हणायला तयार होतो, तिचे गुडघे किती दुखत असतील? चव्वेचाळीस वर्षं शेजारी राहून मला दाराची करकर ऐकू आली, पण तिच्या गुडघ्यांची नाही."

कुशाबांनी खीळ मुठीत धरली. "आता वहिनींक सांगशाल?"

"छे!" कमलाकांत दचकले. "अजिबात नाही. आणि तुम्हीही बोलू नका. तीन वर्षं राबली हो बिचारी. सामान बांधताना लाडवांचा डबा सापडला मला, मोजले मी. दिवसाला एक स्क्रू!"

खालून टॅक्सीचा भोंगा वाजला. कमलाकांत भराभरा जिना उतरून गेले. टॅक्सीत बसताना "काय ते जिने! सुटलो बुवा!" असं त्यांनी इतक्या मोठ्याने म्हटलं की ते तिसऱ्या मजल्यावरही ऐकू आलं.

कुशाबांनी खीळ कडीत बसवली, पान्याने एक फेरा दिला आणि झोपाळ्याला बोट लावलं. झोपाळा झुलू लागला, आवाज शून्य. जुई बाल्कनीतून हात लांब करून आयुष्यात पहिल्यांदा झाडाच्या पानाला खालून हात लावत होती. रंगीत काचांमधून उतरलेला जांभळा उजेड प्राचीच्या पावलांवर पडला होता.

तिने एकदा स्वप्नीलकडे पाहिलं. "सह्या झाल्या ना सगळ्या?"

"झाल्या."

"रजिस्ट्रेशन?"

"झालं गं."

मग दोन महिने आतल्या आत दाबून धरलेलं सगळं प्राचीच्या गळ्यातून एकदम बाहेर पडलं, "अय्याऽऽऽऽऽ!"

चौथ्या गल्लीतली कबुतरं उडाली. समोरच्या इमारतीतली खिडकी धाडकन उघडली आणि मीराबाई आनंदाने ओरडल्या, "काय गं, दार पुन्हा वाजायला लागलं वाटतं? कोण पाव्हणे आले?"