सुटर आडनावाची वकिली

सरकारी कचेरीत बोलायचं कसं, हे जर्मनीतल्या आमच्या अख्ख्या आल्गॉय भागात फक्त मलाच कळतं! निदान त्या मंगळवारी सकाळपर्यंत माझी तशी खात्री होती.

झालं असं, की माझे सासरे आलोइस सुटर हे घराण्यातले शेवटचे सुटर. दोन्ही भाऊ बिनलग्नाचे आणि पदरी एकुलती एक लेक, म्हणजे माझी बायको मेख्टिल्ड. "माझ्याबरोबर नावही संपलं," असं म्हातारा गाई धुताना, चीज कापताना, अगदी सूप पितानासुद्धा म्हणायचा. मला ते ऐकवेना. मुलगा होणार असं कळलं तसं मी जाहीर करून टाकलं, "बाबा, नातवाचं पहिलं नावच सुटर ठेवतो! आडनाव माझं, लोरेन्झ. म्हणजे सुटर लोरेन्झ!" सासऱ्यांनी अशी मिठी मारली की माझी बरगडी दोन दिवस दुखत होती.

आता आमच्याकडे मुलाचं नाव नोंदणी कचेरीला पटावं लागतं. मी बेचाळीस पानांची फाइल केली, रंगीत खुणा लावून! बाळासकट आम्ही सगळे कचेरीतल्या हिंटरमायरबाईंच्या टेबलासमोर जाऊन बसलो.

"बाई, सुटर म्हणजे जोडे शिवणारा. थेट लॅटिनमधून आलेला शब्द! हे चर्चच्या दप्तरातलं पान, सोळाशे अकराचं. हा योर्ग सुटर, हा त्याचा मुलगा, हा नातू..."

"म्हणजे हे आडनाव आहे?"

"अस्सल! चारशे वर्षं अखंड!"

"पहिलं नाव म्हणून कुणी लावलंय?"

"छे! एकानंही नाही!" मी छाती फुगवून सांगितलं.

"मग नामंजूर. नुसतं आडनाव पहिलं नाव म्हणून चालत नाही. आणि ते आडनावच आहे याचा इतका भक्कम पुरावा मला आजवर कुणी दिला नव्हता."

सासऱ्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

"अहो, पण इतकं थोर नाव बुडू द्यायचं? कुठल्याही मुलाला ते लावताना अभिमान वाटेल!"

"मग आडनाव म्हणूनच लावा की," बाई म्हणाल्या. "लग्नानंतर तुम्ही दोघांनी आपापलं ठेवलंय. मुलाला आईचं चालतं. इथे सह्या करा."

"हे मी सातव्या महिन्यातच म्हणाले होते," मेख्टिल्ड म्हणाली. "तू तेव्हा पान सतरा रंगवत होतास."

तासभर मीच तर त्या नावाचे गोडवे गायले होते! केली सही. सासरे रुमालात तोंड खुपसून रडायला लागले. मलाही भरून आलं. निम्मं त्यांच्यासाठी, निम्मं माझ्या गेलेल्या आडनावासाठी.

"पोराचं पहिलं नाव लोरेन्झ ठेवा," सासरे नाक पुसत म्हणाले. "जावईबापूंनी माझ्यासाठी एवढं केलं."

"बाबा, तेही आडनावच आहे हो!" मी म्हणालो.

"लोरेन्झ? माझ्या काकांचं पहिलं नाव आहे," हिंटरमायरबाई म्हणाल्या, आणि धाडकन शिक्का मारला. पुरावा शून्य पानं!

तर कागदावर पोरगा लोरेन्झ सुटर झाला. मी ठरवलं त्याच्या बरोब्बर उलटं! पण आमच्या गावात माणसाला हाक मारताना आधी आडनाव घेतात, मग नाव. दुसऱ्या दिवशी टपालवाल्या बाई फाटकातूनच ओरडल्या, "कुठाय तुमचा सुटर लोरेन्झ? बघू तरी!"

"बघा जावईबापू," सासरे खूश होऊन म्हणाले, "तुम्ही म्हणालात तेच नाव ठेवून दाखवलंत!"

मी गंभीरपणे मान डोलावली. मेख्टिल्डकडे बघायचं मात्र टाळलं.