इशारेमास्तरांची फेरपरीक्षा

इशारेमास्तर लाल दिव्याला थांबले आणि मागून आलेल्या टेंपोने त्यांच्या गाडीला धडक दिली. घटना एवढीच होती. टेंपोवाला खाली उतरला, आपल्या बंपरवरून मायेने हात फिरवला आणि मास्तरांच्या खिडकीशी येऊन खेकसला, "डोकं ठिकाणावर आहे का? भर रस्त्यात थांबताय!"

"दिवा लाल आहे," मास्तर म्हणाले.

"तो रोजच असतो!" टेंपोवाल्याने जरा वाकून पाहिलं आणि त्याचा चेहरा एकदम उजळला. "अरे, मास्तर तुम्ही होय? ओळखलंच नाही. तुमच्याकडेच तर शिकलो मी गाडी!"

तेवढ्यात चौकातला हवालदार आला. त्याने दोन्ही बाजू शांतपणे ऐकून घेतल्या. आडवं कुणी येत होतं का, असं त्याने मास्तरांना विचारलं. मास्तर नाही म्हणाले. "मग थांबलात कुणासाठी?" असं त्याने विचारल्यावर मास्तरांनी दिव्याकडे बोट दाखवलं. हवालदाराने पंचनाम्यात लिहिलं, 'कोणतेही सबळ कारण नसताना वाहन थांबविणे.' टेंपोवाल्याने साक्षीदार म्हणून सही केली.

आता इतक्या वर्षांत मास्तरांना असं कुणी बोललं नव्हतं. गावातले निम्मे चालक त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलमधून बाहेर पडलेले. स्कूलची गाडी एकच, म्हातारी, पण शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळा ब्रेक असलेली. त्या ब्रेकवर उभं आयुष्य काढल्यामुळे मास्तरांचा उजवा पाय स्वतंत्र विचार करू लागला होता. घरी टीव्हीवर कुणी धावताना दिसलं तरी तो आपोआप दाबला जाई. सोफ्यापुढची सतरंजी तिथे भोक पडेपर्यंत झिजली होती. चालतानासुद्धा वळायचं झालं की मास्तर आधी हात बाहेर काढत, म्हणून तर त्यांना इशारेमास्तर हे नाव पडलं. स्वयंपाकघराच्या दारात बायको समोर आली की ते थांबून म्हणत, "आधी तू." ती बिचारी उकळतं भांडं हातात घेऊन म्हणे, "अहो, व्हा ना बाजूला!"

पंचनामा वाहतूक विभागात पोचला. तिथले लोक अत्यंत गंभीर असल्यामुळे त्यांनी लगेच एक समिती नेमली. समितीने अशा सर्व अपघातांचा अभ्यास केला, तेव्हा प्रत्येक वेळी थांबलेल्या गाडीलाच मागून धडक बसल्याचं उघड झालं. चालत्या गाडीला लाल दिव्यापाशी मागून कुणीही धडक दिलेली नव्हती. निष्कर्ष काढायला समितीला फार डोकं चालवावं लागलं नाही. थांबणं हेच अपघाताचं मूळ ठरलं आणि जुना अभ्यासक्रम रद्द झाला.

त्याच्या जागी 'प्रचलित वाहनचालन' आलं. दिवा हिरवा होण्याच्या आधीच हॉर्न कसा वाजवावा, उजवीकडचा दिवा लावून डावीकडे कसं वळावं, समोरच्याच्या डोळ्यांत प्रकाश टाकून त्यालाच शिव्या कशा द्याव्यात, हे सगळं त्यात शास्त्रशुद्ध दिलेलं होतं. तोंडी परीक्षेत एकच प्रश्न होता. दुसऱ्याच्या फाटकासमोर गाडी का लावली? त्याला 'दोनच मिनिटं' हे उत्तर चेहऱ्यावरची रेषही न हलवता देणं आवश्यक होतं. शेवटचा विषय होता 'संपूर्ण कोंडी'. त्यात यश मिळवणाऱ्याला बाकी सगळे विषय माफ आणि वर विशेष प्रावीण्य! पण एकट्या माणसाने अख्खं गाव अडवणं जमणार कसं? त्यामुळे त्या वाटेला कुणी जात नसे.

स्कूल चालवणाऱ्या प्रत्येकाने नवी परीक्षा द्यायची, नापास होईल त्याच्या स्कूलला टाळं, असा हुकूम निघाला. मास्तरांनी तो हुकूम घरी आणून बायकोसमोर ठेवला. शिकवण्यापलीकडे त्यांना दुसरं काही येतच नव्हतं, आणि टाळं लागलेल्या दारासमोरून रोज हात दाखवून वळायचं ही कल्पनाच त्यांना सोसवेना.

"त्यात काय एवढं?" बायको म्हणाली. "सगळ्या जगाला येतं. कुठल्या शाळेत गेलं होतं जग? उठा, घ्या ती खुर्ची."

बैठकीच्या खोलीत सराव सुरू झाला. मास्तरांनी खुर्ची ढकलत यायचं, बायकोने आडवं जायचं आणि मास्तरांनी न थांबता हॉर्न वाजवायचा.

"पें," मास्तर म्हणाले.

"अहो, हा हॉर्न आहे की तुम्ही माफी मागताय? पोटातून येऊ द्या!"

"पें... जरा सरकतेस का?"

बायकोने कपाळावर हात मारला. फाटकाच्या प्रश्नावर तर मास्तर पार घामाघूम झाले. "दोनच मिनिटं" एवढं म्हणून ते पुढे पुटपुटले, "पण तुम्हाला अडचण होत असेल तर आत्ता काढतो." शेवटी बायकोनेच युक्ती काढली. परीक्षेच्या दिवशी पांढऱ्या पट्ट्यांवर ती स्वतः आडवी येईल. मास्तरांनी मुळीच थांबायचं नाही. ती चपळ होती, टुणकन मागे उडी मारणार होती. निदान 'पादचाऱ्यास परतविणे' या विषयात तरी मास्तर पास झाले असते.

परीक्षेला गाडी मास्तर चालवत होते आणि शेजारी परीक्षक बसले होते. गंमत म्हणजे परीक्षक स्वतः त्या दिवशी उलट्या बाजूने आल्यामुळे अगदी वेळेवर पोचले होते. पहिल्याच वळणावर मास्तरांनी योग्य दिवा लावला. परीक्षकांनी खेदाने मान हलवली. पुढे एका मोटारसायकलला मास्तरांनी वाट दिली, तेव्हा परीक्षक हळहळले. "अहो, आवरा स्वतःला! घरी बायको असेल तुमच्या."

बायको घरी नव्हती. ती समोरच्या पट्ट्यांवर पाऊल टाकत होती, पदर खोचून, उडीच्या तयारीत. मास्तरांनी दात आवळले, डोळे अर्धवट मिटले, मनातल्या मनात 'नाही थांबणार' असं घोकलं. आणि उजव्या पायाने आपलं काम केलं. गाडी पट्ट्यांच्या अलीकडे जागच्या जागी थांबली.

"अहो, चला ना पुढे!" बायको ओरडली.

"आधी तू," मास्तर म्हणाले.

"मी मागे होते, तुम्ही या!"

"छे, छे, पट्ट्यांवर तू आहेस!"

हा प्रकार फुटपाथवरच्या लोकांनी पाहिला. गाडी थांबलीय, ही बातमी वाऱ्यासारखी पसरली. पहिल्यांदा निघाले एक आजोबा. ते पलीकडच्या न्हाव्याकडे जायला घरून निघाले होते, पण रस्ता ओलांडायला न मिळाल्यामुळे दाढी पोटापर्यंत आली होती. मग रस्त्याच्या दोन बाजूंना दिलेल्या दोन बहिणी धावत निघाल्या, बरोबर मधोमध भेटल्या आणि तिथेच गळ्यात गळे घालून सासूंबद्दल बोलू लागल्या. मागून अख्खी बालवाडी आली. मास्तर प्रत्येकाला हात दाखवून म्हणत होते, "या, या, सावकाश!" किती दिवसांनी ते इतके खूश होते म्हणून सांगू!

मागे हॉर्नांचा नुसता कल्लोळ उठला. पण वाट बघेल तर तो चालक कसला? एकाने गाडी उजवीकडून काढली, दुसऱ्याने फुटपाथवरून, तिसऱ्याने पलीकडच्या रांगेत घुसवली. पलीकडचे लोकही काही कमी शिकलेले नव्हते. तेही घुसले. पाहता पाहता सगळ्या गाड्या नाकाला नाक लावून उभ्या राहिल्या. कोंडी बाजारपेठेत गेली, तिथून बस डेपोत, तिथून थेट वाहतूक विभागाच्या आवारात. समितीचे अध्यक्ष स्वतःच्याच फाटकात अडकले, कारण समोर कुणीतरी दोनच मिनिटांसाठी गाडी लावून गेलं होतं.

परीक्षक खाली उतरले, टपावर चढले आणि नजर पोचेल तिथपर्यंत पाहून घेतलं. खाली आले तेव्हा त्यांचे डोळे पाणावले होते. "मास्तर, संपूर्ण कोंडी! विशेष प्रावीण्य!"

"साहेब, मी फक्त थांबलो होतो," मास्तर काकुळतीला येऊन म्हणाले. "कोंडी या बाकीच्यांनी केली."

"नम्रपणा पुरे. बाकीचे रोजच असतात. रोज कुठे होते अशी कोंडी?"

स्कूल वाचलं. आता तिथे प्रवेशासाठी झुंबड उडते. मास्तर जे पूर्वी शिकवत तेच आजही शिकवतात. लाल दिव्याला थांबा, पट्ट्यांवर माणूस दिसला की थांबा, वळण्याआधी इशारा द्या. विद्यार्थी ते रस्ता अडवण्याची गुरुकिल्ली म्हणून मन लावून शिकतात. टेंपोवाल्याने तर पुन्हा नाव घातलं. हल्ली तो लाल दिव्याला थांबतो, तेव्हा त्याची बायको म्हणते, "एवढं वाईट वागायची काय गरज होती यांना?" मास्तरांना हसावं की रडावं कळत नाही, तेव्हा ते दोन्ही करतात.

ही हकीकत मास्तर येईल त्या पाहुण्याला सांगतात. पाहुणा पोट धरून हसतो, "अगदी बरोबर, लोक असेच चालवतात हो!" म्हणतो आणि घाईने उठतो. खाली शेजाऱ्यांच्या फाटकासमोर त्याची गाडी असते, दोनच मिनिटांसाठी लावलेली.

तुम्हीही हसलात ना? छान. तुमची कुठे लावलीय?